सात लाखांची नवी गाडी की पाच लाखांची जुनी?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मजकूर थोडक्यात असा:

‘मी नागपूरच्या बेसा येथे राहते आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करते. कारखान्याची बस बंद झाल्यामुळे रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटरचा प्रवास आता स्वतःच्या गाडीने करावा लागणार आहे. महिन्यातून एकदा आम्ही सर्वजण हिंगणघाटला जातो. घरी मी, यजमान, दोन मुले आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. शिल्लक दोन लाख रुपये आहे, उरलेले कर्ज काढावे लागेल. साधी नवी हॅचबॅक रस्त्यावर येईपर्यंत सात लाखांना पडते. दुसरीकडे एका व्यापाऱ्याकडे २०२१ सालची, ३८,००० किलोमीटर चाललेली, ऑटोमॅटिक गिअरची टॉप मॉडेल गाडी ४ लाख ८० हजारांना मिळते आहे. गाडी एका डॉक्टरांची होती आणि फक्त दवाखान्यापर्यंत जात असे, असे तो सांगतो. रविवारपर्यंत दहा हजार टोकन द्यावे, असा त्याचा आग्रह आहे. धाकटे दीर म्हणतात, सीएनजीच घ्या. मायलेजच्या दृष्टीने आम्हाला काय परवडेल?’

ताई, सप्रेम नमस्कार. आपण शेवटी विचारलेला मायलेजचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे आणि ते एकदा समजले की बाकीच्या प्रश्नांकडे पाहण्याची नजर बदलते. आपल्या सांगण्यावरून रोजच्या कामाचे वर्षाला बारा हजार, हिंगणघाटचे दोन हजार आणि शहरातील किरकोळ फिरण्याचे हजारभर असे एकूण १५,००० किलोमीटर होतात. एका गाडीने प्रत्यक्षात लिटरला १८ किलोमीटर दिले आणि दुसरीने २१ दिले, तर पहिलीला वर्षाला ८३३ लिटर आणि दुसरीला ७१४ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाचा फरक साडेबारा हजार रुपये, म्हणजे महिन्याला हजाराच्या थोडा वर. ही रक्कम नगण्य नाही, परंतु जुन्या गाडीचा क्लच बदलावा लागला किंवा एसीचा कंप्रेसर गेला, तर वर्षभराची ही बचत एका दुपारी संपू शकते. म्हणून लिटरमागच्या दोन-तीन किलोमीटरसाठी झोप घालवू नये.

जाहिरातीत छापलेले २४ किंवा २५ किलोमीटरचे आकडे खोटे नसतात, पण ते आपल्या वर्धा रोडवरचेही नसतात. ही चाचणी प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर गाडी उभी करून, ठरलेल्या वेगाच्या आराखड्याप्रमाणे आणि एसी बंद ठेवून घेतात. आपल्याकडे मार्चपासून एसी सुरू होतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करून हिशेब मांडावा. खरा आकडा हवा असेल तर अशीच गाडी वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगावे, की टाकी काठोकाठ भरून ट्रिप मीटर शून्यावर आण, चार-पाचशे किलोमीटर चालव आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भर. गाडीच्या पडद्यावर दिसणारे मायलेज बहुधा थोडे उदार असते.

आता नवी की जुनी हा मुद्दा. आपण लेखा विभागात आहात, तेव्हा पुढील बेरीज-वजाबाकी माझ्या शब्दावर न सोडता स्वतः करून पाहावी. नव्या गाडीसाठी दोन लाख भरून पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या आसपास होते. जुनी गाडी नावावर करण्याचा खर्च आणि विमा धरून पाच लाखांना पडेल. म्हणजे कर्ज तीनच लाखांचे, पण जुन्या गाडीच्या कर्जाचा दर चढा असतो. तो १३ टक्के धरला तर हप्ता सुमारे ६,८३० रुपये आणि एकूण व्याज जवळजवळ १ लाख १० हजार. कर्ज दोन लाखांनी कमी आणि व्याज मात्र जेमतेम तेरा हजारांनी कमी, ही गोष्ट व्यापारी आपल्याला सांगणार नाही. पाच वर्षांत नव्या गाडीवर एकूण ८ लाख २३ हजार आणि जुनीवर ६ लाख १० हजार खर्च होतील. पाच वर्षांनी नवी गाडी साडेतीन लाखांना आणि तोवर नऊ-दहा वर्षांची झालेली जुनी गाडी दोन लाखांना विकली जाईल, असा माझा अंदाज आहे. तो खरा धरला तर खरा फरक उरतो ६३ हजारांचा, म्हणजे महिन्याला हजार-अकराशे रुपयांचा. नव्या गाडीचा पुढचा विमा थोडा महाग जाईल. उलट जुन्या गाडीला टायरचा एक जादा संच, बॅटरी, कदाचित क्लच आणि सस्पेन्शनचे काम लागेल, आणि तिथे वॉरंटीचा आधार नसेल.

या हिशेबानंतर माझे मत स्पष्ट आहे. दरमहा १०,४०० रुपयांचा हप्ता आणि सात हजारांचे पेट्रोल आपल्या दोघांच्या पगारातून ओढाताण न होता निघत असेल, तर नवी गाडी घ्यावी. तो हप्ता जड जात असेल तरच जुनीकडे वळावे, आणि तेव्हासुद्धा गाडीचे वर्ष, मॉडेल आणि सनरूफ यांपेक्षा त्या एका विशिष्ट गाडीची प्रकृती पाहावी. एकाच महिन्यात कारखान्याबाहेर पडलेल्या दोन गाड्या पाच वर्षांनी सख्ख्या भावंडांइतक्या वेगळ्या निघतात.

आणखी दोन गोष्टी नव्या गाडीच्या बाजूने आहेत. पहिली कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर अधिभार होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरला पाहिजे. म्हणून ४ लाख ८० हजार हा भाव जुन्या किमतीवरून काढलेला आहे की नव्या, हे व्यापाऱ्याला तोंडावर विचारावे. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मायलेज थोडे घटते. या मिश्रणाला टिकणारे रबर आणि सील देशातील गाड्यांमध्ये एप्रिल २०२३ पासून सक्तीचे झाले. २०२१ ची गाडी त्याआधीची आहे. ती लगेच बिघडेल असे मुळीच नाही, पण इंधनाच्या नळ्या आणि सील यांवर लक्ष ठेवावे लागेल.

दिरांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर असतील तर सीएनजीचा विचार करायलाच हवा. किलोला २६ किलोमीटर आणि ९० रुपये दर धरला, तर वर्षाला साधारण तीस हजार रुपये वाचतात. पण त्या गाडीची किंमत नव्वद-पंच्याण्णव हजारांनी जास्त असते, तीही कर्जातूनच येणार, म्हणजे पहिली साडेतीन वर्षे केवळ ती रक्कम भरून काढण्यात जातील. नागपुरात सीएनजी मुंबई-पुण्याच्या मानाने उशिरा आला आणि बराच काळ महाग राहिला. आपल्या जाण्या-येण्याच्या वाटेवर पंप आहे का, तिथे संध्याकाळी सहाला रांग किती असते आणि आजचा दर काय आहे, हे दिरांनाच एकदा पाहून यायला सांगावे. शिवाय बहुतेक सीएनजी गाड्यांत टाकी डिकी खाऊन टाकते. पाच माणसे हिंगणघाटला निघाली की बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील. काही नव्या गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवलेल्या असतात, तशी गाडी असेल तर ही अडचण बरीच कमी होते. बाहेरून बसवलेले किट आरसी बुकात नोंदवलेले नसेल, तर ती जुनी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

नव्यात कोणती? आपल्या अंदाजपत्रकात मारुतीची वॅगनआर, सेलेरिओ आणि स्विफ्टची खालची श्रेणी, टाटाची टियागो आणि ह्युंदाईची आय-टेन निऑस इतक्या गाड्या बसतात. अगदी खालचे मॉडेल घेऊ नये, त्याच्या वरचे घ्यावे. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वॅगनआर सर्वांत सोयीची. तिची बैठक उंच आहे, दार मोठे उघडते, आणि आत उतरण्याऐवजी सरळ बसता येते. डिकीही ३४१ लिटरची आहे. परंतु आपण रोज बुटीबोरीच्या महामार्गावर ट्रकांच्या गर्दीतून जाणार आहात, आणि गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या धडक चाचणीत वॅगनआरला पाचपैकी एकच तारा मिळाला. २०२० मध्ये टियागोला चार तारे आणि निऑसला दोन मिळाले होते. मात्र त्या चाचण्या जुन्या नियमांनुसार होत्या आणि २०२२ मध्ये नियम कडक झाले, तेव्हा हे तारे शेजारी शेजारी ठेवून नुसते मोजणे बरोबर नाही. तरीही आपला रोजचा रस्ता पाहता मी टियागोला झुकते माप देईन. तिचे तीन सिलिंडरचे इंजिन सिग्नलला उभे असताना थोडे थरथरते आणि निऑसचे चार सिलिंडरचे इंजिन त्या मानाने शांत आहे, हे ट्रायल घेताना आपल्याला जाणवेलच. निर्णयाआधी सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जावे आणि वॅगनआर आणि टियागो या दोन्ही गाड्यांत पुढच्या बाकावर तीन-तीन वेळा बसवून-उतरवून पाहावे. शोरूमइतकेच त्या कंपनीचे वर्कशॉपही एकदा पाहून यावे.

शोरूमच्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ दिसली तर ती खोडायला सांगावी. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही, बाहेरचे दोन भाव आणून दाखवले की आकडा खाली येतो. दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात एकरकमी ११ टक्के रस्ता कर आहे, तो मात्र टळत नाही. ॲक्सेसरीजचे पॅकेज टाळून तेवढ्या पैशांत वाढीव वॉरंटी घ्यावी.

हप्ता जमत नसेल आणि जुनी गाडीच घ्यायची ठरली, तर पुढचे नीट वाचावे. आधी डॉक्टरांविषयी. आपल्या शहरात विकायला निघालेल्या सगळ्या गाड्या एकतर डॉक्टरांच्या असतात नाहीतर बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या, आणि त्या कधी घाटात गेलेल्या नसतात. या कथेची किंमत शून्य धरावी. त्याऐवजी गाडीचा क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसची नोंद पाहावी. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर तिथे लिहिलेले असतात, आणि मीटर मागे फिरवला असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

नागपूरकराने जुन्या गाडीत सर्वांत आधी पाणी शोधावे, असे माझे मत आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत पाणी शिरून वस्त्यांत उभ्या असलेल्या शेकडो गाड्या बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. २०२१ ची गाडी तेव्हा शहरात असण्याचा पुरेपूर संभव आहे. म्हणून प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गुंडाळलेल्या टोकाशी राहिलेली चिखलाची रेघ सहसा कोणी धूत नाही. डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात गंज किंवा रेती आहे का ते पाहावे. सीट पूर्ण मागे सारून तिच्या रुळांवर बोट फिरवावे. हेडलाइटच्या आतून वाफ धरली असेल, किंवा काचा बंद ठेवून दहा मिनिटांनी आत कुबट वास येत असेल आणि डॅशबोर्डवर सुगंधाच्या दोन-दोन बाटल्या असतील, तर नमस्कार करून निघावे. बुडालेली गाडी आज चालते, पण तिच्या तारांच्या जोडांतील गंज दोन पावसाळ्यांनी डोके वर काढतो. विम्याचा दावा झाला होता का, हे कळण्यासाठी मागील पॉलिसीवरील नो क्लेम बोनसचा टक्का पाहावा. दरवर्षी दावा न करणाऱ्याचा टक्का २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो, आणि मध्येच शून्य दिसले तर कारण विचारावे. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही.

टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३८,००० किलोमीटर चाललेल्या गाडीला कारखान्यातूनच आलेले २०२१ चे टायर शोभतात. चारही टायर कोरे करकरीत असतील तर मीटरवर शंका घ्यावी. काचांवरही वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक निराळी असेल, तर त्या बाजूला धडक बसली होती का ते पाहावे. बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टवरील रंग पान्याने खरवडला गेला असेल, तर तो पत्रा एकदा उतरवला गेला आहे. स्टिअरिंग, ब्रेकच्या पेडलवरील रबर आणि चालकाच्या सीटची कड यांची झीज मीटरशी जुळते का, हेही डोळ्याने कळते.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. बोनेटवर हात ठेवून तो गार आहे याची खात्री करून मगच चावी फिरवावी, कारण आजारी इंजिन गरम झाल्यावर चांगले वागते. पहिल्या मिनिटात निळा धूर दिसला तर तेल जळते आहे. एसी मात्र भर दुपारी तपासावा. गाडी उन्हात एका जागी उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे आत बसावे, हवा थंडच राहिली पाहिजे. हे मी स्वानुभवाने सांगतो. एका डिसेंबरात मी जुनी हॅचबॅक घेतली, हिवाळ्यात एसी लावण्याचे सुचलेच नाही, आणि होळी होते न होते तोच कंप्रेसरचे बिल हातात पडले.

ट्रायलचा रस्ता व्यापाऱ्याला ठरवू देऊ नये. घरच्यांना बसवून वर्धा रोडच्या दुमजली उड्डाणपुलाच्या चढावर जावे आणि तिथे एसी लावून वेग वाढवून पाहावा. सिमेंट रस्त्यांच्या जोडांवरून जाताना प्रत्येक जोडाला ‘धप’ असा पोकळ आवाज आला, तर सस्पेन्शनचा खर्च वाढून ठेवलेला आहे. हॅचबॅकमधील स्वस्त ऑटोमॅटिक हा बहुधा साधाच गिअरबॉक्स असतो, त्यातला क्लच आणि गिअर पायाऐवजी यंत्र दाबते आणि बदलते. तो क्लचही झिजतो. मनीषनगरच्या गर्दीत दहा मिनिटे रेंगाळत चालवल्यावर गाडी झटके देऊ लागली, तर तो खर्च भावातून वजा करावा. या सर्वांनंतर आपल्या विश्वासाच्या मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये देऊन गाडी वर उचलून खालून दाखवावी आणि गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून पाहावा.

कागदपत्रांत आरसीवर मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि बँकेचे पस्तीस नंबरचे फॉर्म हाती आहेत का, हे पाहावे. क्रमांक नागपूरचे एमएच-३१, ४० किंवा ४९ सोडून दुसरीकडचा असेल, तर त्या आरटीओची ना-हरकत लागेल. न भरलेली ई-चलाने आणि पीयूसी व्यापाऱ्याकडून निकाली काढून घ्यावीत. मालकी बदलाच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर मूळ मालकाची सही आपल्यासमोर व्हावी, आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा.

एक तिसरा पर्यायही कोणी सुचवेल, की कर्जच नको, दोन लाखांत बसणारी आठ-दहा वर्षांची गाडी घ्या. शहरात भाजी आणायला ती पुरली असती, पण देशात सर्व नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारे) ब्रेक एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. रोज महामार्गावर जाणाऱ्या माणसाने त्याआधीची गाडी घेऊ नये.

राहता राहिले रविवारचे टोकन. ते देऊ नये. गाडी चांगली असेल तर व्यापारी बुधवारपर्यंतही थांबेल, आणि त्याने ती दुसऱ्याला विकली तरी अशा गाड्या कामठी रोडपासून वर्धा रोडपर्यंत दर आठवड्याला येतात. तरीही द्यावेच लागले तर पावतीवर गाडीचा चेसिस क्रमांक आणि ‘तपासणीत दोष आढळल्यास किंवा कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत’ असे लिहून घ्यावे. एवढे लिहून द्यायला तो कचरला, तर आपले दहा हजार आणि रविवार दोन्ही वाचले.